शिळाछापवाल्याची चार इंची दुर्बीण

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, एका खेड्यात, 1821 साली विल्हेल्म टेम्पेल नावाचा पोरगा गरिबाघरी जन्मला. कॉलेजची पायरी काही तो चढला नाही, दगडावर चित्र काढून ते कागदावर उतरवायचं शिळाछापाचं काम शिकला आणि पोटामागं फिरत फिरत व्हेनिसला पोचला. तिथं त्यानं चार इंची दुर्बीण घेतली. घेतली खरी, पण मांडायची कुठं? तर एका जुन्या वाड्याला गोल गोल वर चढणारा जिना आहे, आजही बघायला मिळतो, त्याच्या माथ्यावर यानं बस्तान बसवलं आणि 1859च्या एप्रिलात तिथूनच पहिला धूमकेतू हेरला.

त्याच साली ऑक्टोबरात गंमत झाली. आपल्या कृत्तिका आहेत ना, त्यांतल्या मेरोपी नावाच्या तारकेपाशी त्याला एक फिकट ढग दिसला, आरशावर तोंडाची वाफ बसावी तसा. वेधशाळांतल्या मोठ्या मंडळींनी थोरल्या दुर्बिणी रोखल्या. कुणाला दिसला, कुणाला नाही, आणि वाद जुंपला तो कैक वर्षं. मेख अशी, की थोरली दुर्बीण आभाळाचा एवढासा तुकडा मोठा करून दाखवते. पसरट ढग तेवढा तुकडा भरून टाकतो, मग ढग कुठला नि आभाळ कुठलं, ओळखायचं कसं? टेम्पेलच्या लहान दुर्बिणीत ढगाच्या कडेचं काळं आभाळही मावायचं! ढग खराच निघाला. पण हाच पठ्ठ्या पुढं, लॉर्ड रॉस या खगोलनिरीक्षकाला तेजोमेघांत दिसलेले चक्री आकार म्हणजे नुसते भास, असं ठासून सांगत राहिला, आणि तिथं मात्र सपशेल आपटला.

मग तो फ्रान्सात मार्सेयला गेला. 1861च्या मार्चात आठवडाभराच्या आत दोन लघुग्रह सापडले, पुढं आणखी तीन. पण 1871 साली, फ्रान्स-जर्मनीच्या लढाईच्या धामधुमीत, जर्मन म्हणून त्याला तिथून हाकललं. मिलान करून तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या वेधशाळेत टेकला आणि 1889त वारला.

त्याचे धूमकेतू मात्र अजून फिरताहेत. 1865 सालचा दर तेहतीस वर्षांनी येतो. नोव्हेंबरात सिंह राशीतून उल्का झरतात ना, ती त्याचीच धूळ. 1867 सालच्या धूमकेतूला तर गुरूनं ओढून वाटच बदलायला लावली, बिचारा हरवला तो 1967पर्यंत, गणितं मांडून पुन्हा शोधावा लागला. आणि 2005च्या 4 जुलैला अमेरिकेनं सुमारे पावणेचारशे किलोचा गोळा सेकंदाला दहा किलोमीटर वेगानं त्याच्यावर आपटवला, पोटात काय आहे ते बघायला! धूळ एवढी उडाली, की झालेला खड्डाच कुणाला दिसेना; तो बघायला 2011 साली दुसरं यान त्याच्याजवळून न्यावं लागलं.