घन बॅटरीचा शोध आणि घाईचे माप



काशीमिऱ्याच्या नाक्यावर रात्री अकरानंतर उभे राहिले, तर घरोघर सामान पोहोचवून परतणारी मुले विजेच्या स्कूटरवरून जाताना दिसतात. त्यांतील पुष्कळांना चार्जिंगची वेगळी जागा नाही. बॅटरी खोलीत न्यायची, उशाशी प्लगला लावायची आणि तिथेच बायकामुलांसह झोपायचे, असा त्यांचा क्रम. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, तेव्हा ही मुले आम्हांला विचारू लागली, "काका, न पेटणारी बॅटरी कधी येणार?" या प्रश्नापायीच, नववीत शाळा सुटलेले आम्ही, या विषयाच्या वाचनाला लागलो.

लिथियम बॅटरीच्या दोन टोकांमधून लिथियमचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. त्यांना वाट देणारा मधला पदार्थ तो इलेक्ट्रोलाइट. भाईंदरची मिठागरे पाहिलेल्यांना हे अवघड वाटू नये. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे भारित कण सुटे होतात आणि त्या पाण्यातून वीज वाहते. बॅटरीतही लिथियमचे मीठच असते. पण लिथियम आणि पाणी यांचे वैर, म्हणून ते सेंद्रिय द्रवात विरघळवतात. हा द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी आतून बिघडून तापली, की तोच इंधन होतो.

मग द्रवाऐवजी घन पदार्थ का नको? १९७३ साली इंग्लंडात पीटर राइट व त्यांचे सहकारी यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये अशी मिठे सामावतात हे दाखवले आणि १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिशेल आर्माँ यांनी त्यापासून बॅटरी करण्याची कल्पना मांडली. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी. तिच्यातील ऑक्सिजनचे अणू आयनाला धरतात. साखळी वळवळली की एक सोडतो, दुसरा धरतो. बांधकामावर घमेले हातोहात पुढे जाते, तसेच हे. पण नेहमीच्या तापमानाला या साखळ्यांचा बराच भाग ताठ होऊन बसतो आणि घमेले अडकते. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात भाड्याने मिळणाऱ्या मोटारींत अशा बॅटऱ्या होत्या. त्या गरम ठेवाव्या लागत. साखळी मऊ करावी, तर आयन पळतो पण पडदा दुबळा होतो. सर्व गुण एकत्र असलेला पॉलिमर हवा, तो कुठून आणावा?

येथे हिशेब पाहा. दहा प्रकारच्या मुख्य साखळ्या, त्यांना जोडायच्या दहा फांद्या, दहा मिठे आणि मिठाची पाच प्रमाणे घेतली, तर पाच हजार मिश्रणे होतात. एकेक बनवून, पूर्ण सुकवून, पातळ पडदा ओतून मोजायला दोन दिवस धरले, तरी सत्तावीस वर्षे लागतील! म्हणून आता संगणकात साखळ्या रचून आयन कसे सरकतात ते पाहतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील व इतर संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ६,२४७ पॉलिमर इलेक्ट्रोलाइट अशा रीतीने चाळले.

त्यांची युक्ती आम्हांला फार ओळखीची वाटली. एका कारखान्यात आमच्या पॉलिश खात्यात स्टॉपवॉच घेऊन साहेब आले. सकाळी दहा मिनिटे उभे राहिले आणि त्यावरून आठ तासांचा कोटा ठरवला. यात दोन चुका होत्या. एक योगायोगाची : कुणाचे भांडे सोपे, कुणाचे अवघड. ती पुष्कळ माणसे मोजली की आपोआप धुऊन निघते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली : सकाळी हात ताजा असतो, म्हणून माप नेहमी जास्तच येते. ती कितीही माणसे मोजली तरी जात नाही. आम्ही मागणी केली की थोड्या कामगारांची तरी पुरी पाळी मोजा आणि त्यावरून बाकीची मापे दुरुस्त करा.

संशोधकांनी नेमके हेच केले. पुष्कळ पॉलिमरांची आखूड गणिते केली. त्यांत रेणू अजून नीट स्थिरावलेले नसतात, म्हणून उत्तर चुकते. मग थोड्यांची लांब, खर्चिक गणिते केली आणि घाईचे माप कोणत्या बाजूला किती चुकते, हे संगणकाला त्यावरून शिकवले.

तरीही चाळणीतून उरतात ते केवळ उमेदवार. ते प्रयोगशाळेत बनवावेच लागतात. आणि चाळणी ज्या गुणासाठी विणली, तोच गुण ती निवडते. आयन किती वेगाने धावतो एवढेच पाहिले, तर पडदा फाटेल काय, पेटेल काय, हे प्रश्न मागे राहतात. घन पॉलिमरमधून द्रव गळत नाही हे खरे, पण पॉलिमरही जळू शकतो. म्हणून सुरक्षेची कसोटी शेवटी न लावता पहिल्या चाळणीतच बसवावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. पाळीचा कोटा वेगावर ठरवला आणि बोटे नंतर मोजली, हे आम्ही पाहिले आहे.

डिसेंबर २०२२ पासून सरकारने विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या, हे योग्यच झाले. पण त्या मुलाला आज काय सांगावे? एवढेच, की शोध चालू आहे, पूर्वीपेक्षा वेगाने चालू आहे. तोवर बॅटरी उशाशी नको, दाराच्या वाटेतही नको, आणि चार्जर तिचाच वापर. आणि मालकाने चार्जिंगची सुरक्षित जागा द्यावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करावी. तिला नव्या पॉलिमरची वाट पाहावी लागत नाही.