गिरण्या नटल्या, साचेखात्याचा इतिहास कुठे गेला?

लोअर परळ स्थानकातून सेनापती बापट मार्गाकडे बाहेर पडा. जेथे भोंग्यावर पाळी बदलायची, तेथे आता काचेचे दरवाजे सरकतात. फिनिक्स मिलचा मॉल झाला, धुराडे मात्र शोभेला उभे ठेवले. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले थाटली गेली. जुने दगड, उंच छपरे यांना आता 'वारसा' म्हणून भाव चढतो!

वारसा कोणाचा? या गिरण्यांत आपला माणूस होता, पण सूतकताईच्या खात्यात. जास्त पगाराचे साचेखाते त्याला बंद. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार साच्यापाशी जातीने वेगळे होत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढाऱ्यांना घ्यायला लावली. त्यांनी ती घेतली, पण नाइलाजाने. लाल बावट्याच्या इतिहासकारांना हे पान अजूनही अडचणीचे वाटते.

पुढे १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि हळूहळू गिरण्या थंडावल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मग पाडायचे कशाला? आहे तेच छप्पर रंगवून भाड्याने दिले की वाटणी टळते. गोदामांचे सौंदर्य मालकांना एकाएकी दिसू लागले, त्यामागे हा हिशेब होता. २००१ च्या दुरुस्तीने तर वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, म्हणजे पाडले तरी मालकाचेच. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. बीडीडी चाळीतल्या एका खोलीतून हे सारे पाहणाऱ्याच्या वाट्याला काय आले?

छपराचा वापर बदलला, तशी सुरक्षेची जबाबदारी बदलायला हवी होती. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलमधील गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण गेले.

जुन्या इमारती वापरात आणू नयेत, असे कोणी म्हणत नाही. इंदू मिलची जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून आपण लढलोच. डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्ते आत घुसले, तेव्हा कुठे २०१२ मध्ये केंद्राने ती जमीन देण्याचे जाहीर केले. मागितल्याशिवाय येथे काही मिळत नाही.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय योजले आहे. तेथे धोटा काचेच्या पेटीत ठेवतील. त्याखालच्या पाटीवर काय लिहायचे, हे गिरणगावातील आपल्या संघटनांनी महापालिकेला आताच लेखी कळवावे.