दुनळी बंदुकीची साक्ष

'पुरावा म्हणजे काय' हा प्रश्न आज एका वस्तूच्या निमित्तानं घेऊ.

परंडा तालुक्यातले माझे एक जुने विद्यार्थी खंडेनवमीच्या आधी घरातली दुनळी बंदूक घेऊन धाराशिवला आले. परवाना सोबत होता. म्हणाले, "सर, ही चकचकीत करून पूजेला ठेवायचीय. आजोबांनी 1948 साली एका रझाकाराच्या हातून हिसकावलेली आहे." बंदूक रिकामी आहे याची खात्री केली आणि त्यांना म्हटलं, पॉलिशला हात लावण्याआधी ही काय सांगते ते ऐकू.

बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या मापाच्या बारा शिसाच्या गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. नळ्यांच्या खालच्या बाजूला, गंजाखाली, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा मुकुटाचा शिक्का निघाला. हे चाचणीगृह 1813 च्या कायद्यानं स्थापन झालं. शेजारी 'नॉट फॉर बॉल' ही अक्षरं होती. नळीचं तोंड आवळलेलं आहे, अखंड गोळी घालू नका, छर्रेच वापरा, असा त्याचा अर्थ. हा शिक्का साधारण 1875 ते 1887 या काळातला. म्हणजे 1948 साली ही बंदूक साठी ओलांडलेली होती.

नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत होती. लोखंड आणि पोलादाच्या सळया पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून ठोकल्या की अशी नळी होते. ती काळ्या दारूसाठी बनलेली. आजचं काडतूस तिच्यात घातलं तर नळी फुटून हात जाऊ शकतो.

आता कागद. घरच्या पेटीत निजामी राजवटीतला उर्दू परवाना होता. नाव आजोबांचं, साल 1352. हिजरी धरलं तर 1933 येतं. पण हैदराबाद संस्थानच्या सरकारी कामात फसली साल चालायचं. त्यात 590 मिळवायचे, म्हणजे 1942-43. कागदावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक एकच निघाला.

नातू गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांची गोष्ट खोटी?"

इथं घाई करू नका. बंदूक 1948 साली हिसकावलेली नाही, एवढंच सिद्ध झालं. आजोबांनी त्या वर्षी काय केलं, याबद्दल बंदूक काहीच बोलत नाही. त्यासाठी वेगळे साक्षीदार लागतील. गावात नव्वदीतली माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे आधी जा, असं मी त्याला सांगितलं.

परंड्याच्या माणसाला हे नवं वाटू नये. मुलुखमैदान तोफ सगळे विजापूरची म्हणून ओळखतात. ती 1549 साली अहमदनगरला ओतली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये विजापूरला गेली. कुणी आणि केव्हा ओतली हे तिच्या अंगावरच कोरलेलं आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानं आपलाही लेख त्यावर कोरवला, पण आधीचा पुसला नाही. म्हणून आज दोन्ही वाचता येतात.

आपल्या बंदुकीचं काय झालं असतं बघा. मशीनवर घासली असती तर नक्षी गेली असती, शिक्का गेला असता, क्रमांक गेला असता. मग तो कागद कुठल्या बंदुकीचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. शिवाय ओळखीचा क्रमांक खोडणं हा शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हाच आहे.

म्हणून परवानाधारक कारागिराकडून थोडंच काम करून घेतलं. सुटा गंज तेलानं मऊ करून फडक्यानं पुसला, दस्त्याची चीर सांधली, लाकडाला जवसाचं तेल दिलं. दस्ता नवा बसवला नाही. जुन्या वस्तूची दुरुस्ती करताना मी एवढंच विचारतो, की या हातानं तिची कुठली साक्ष पुसली जाणार आहे?

खंडेनवमीला बंदूक काळीच होती. शेजारी त्या उर्दू कागदाची प्रत आणि मराठी भाषांतर ठेवलं होतं. आणि नातवानं गावातल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं होतं. ते काय म्हणाले, आणि दोघांचं का जुळलं नाही, ते पुढच्या व्याख्यानात.