टर्बो जोडण्यापूर्वी

पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांना स्पर्शून जातो. त्यावरून धावणाऱ्या कित्येक वाहनांच्या पाठीवर ‘टर्बो’ हा शब्द विद्यार्थी मित्रांनी वाचला असेलच. मोटारींची आवड असलेली मुले या संबंधात एक प्रश्न हमखास विचारतात. टर्बो बसविण्याच्या हेतूने एखाद्याने आपल्या गाडीचे पेट्रोल इंजिन नव्याने बांधून घेतले, परंतु टर्बो अद्याप जोडला नाही, तर तशी गाडी चालवावी काय? चालविल्यास इंजिनाला अपाय होईल काय?

उत्तर थोडक्यात असे की, ती चालवावी. किंबहुना काही काळ ती तशीच चालविणे हिताचे असते. असे का, हे समजण्यासाठी प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू.

इंजिनाची शक्ती इंधनातून येते हे खरे. परंतु इंधन जळण्यास हवा लागते. सिलिंडरमध्ये जितकी अधिक हवा शिरेल तितके अधिक इंधन जाळता येते. एरवी इंजिन स्वतःच्या ओढीने हवा आत घेते. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते आणि त्यासरशी फिरणारे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात लोटते. वाया जाणाऱ्या वायूंकडून काम करवून घेण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले.

१९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने विमानाचे एक लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या पर्वताच्या माथ्यावर, १४,००० फुटांहून अधिक उंचीवर नेले. समुद्रसपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत सुमारे २३० वर उतरले आणि टर्बो चालू करताच पुन्हा ३५० च्या वर गेले. इंजिन टर्बोविना काय देते हे आधी मोजले होते, म्हणूनच टर्बोने काय दिले हे त्याला सांगता आले. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचे मर्म येथेच आहे.

आता टर्बोसाठी बांधलेल्या इंजिनाकडे वळू. दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये ४०० घनसेंटिमीटर जागा आहे आणि तो माथ्याशी गेल्यावर ४० उरते, असे समजा. येथे मिश्रण दहापट दाबले गेले. याला संपीडन-गुणोत्तर १० असे म्हणतात. दाबल्याने मिश्रण तापते. त्यात टर्बोने आधीच दाबलेली हवा आली तर उष्णता इतकी वाढते की, ठिणगीच्या ज्वालेची वाट न पाहता उरलेले मिश्रण एकदम भडकते. यालाच कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. हा ठोका जोराचा असेल तर दट्ट्याला भोक पडावयासही वेळ लागत नाही. म्हणून टर्बोच्या इंजिनात दट्ट्याचा माथा थोडा खोलगट ठेवून माथ्याशी ४० ऐवजी ५० घनसेंटिमीटर जागा सोडतात. गुणोत्तर सुमारे ८ होते.

१९६२ साली अमेरिकेत टर्बोच्या दोन मोटारी निघाल्या. शेवरोलेच्या कॉर्वेअरमध्ये गुणोत्तर ८ ठेवले होते. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरमध्ये ते १०.२५ होते, त्यामुळे ठोका टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारावे लागे आणि त्यासाठी निराळी टाकी द्यावी लागली. एकीने आरंभीच माघार घेतली, दुसरीने औषध जवळ बाळगले.

गुणोत्तर कमी केलेले इंजिन टर्बोविना चालविले तर ते काहीसे मंद भासते. पाठ्यपुस्तकातील सूत्राप्रमाणे आदर्श इंजिनाची कार्यक्षमता गुणोत्तर १० असता सुमारे ६० टक्के, तर ८ असता सुमारे ५६ टक्के येते. प्रत्यक्षातील आकडे याहून पुष्कळ कमी असतात. पण उतार याच दिशेचा असतो. त्यात आपली शहरे समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. येथील हवेचा दाब कारवारच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी. तेव्हा गाडी चढावर कुरकुरेल, पेट्रोलही थोडे अधिक पिईल. हा रोग नव्हे. मापाहून मोठा सदरा घातलेल्या मुलासारखी ही अवस्था आहे.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. टर्बोसाठी ठेवलेली तेलाची वाट आणि परतीचे छिद्र घट्ट बंद केले पाहिजे. टर्बोसाठी मोठे इंजेक्टर बसविले असतील, तर इंधनाचे प्रमाण सांगणाऱ्या संगणकाला तात्पुरते निराळे कोष्टक द्यावे लागते. नाही तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि नव्या रिंगा कोरड्या घासतात. ठिणगीची वेळही टर्बोविना निराळी आणि टर्बोसह निराळी ठेवावी लागते.

नव्या इंजिनाचे पहिले काही शे किलोमीटर फार मोलाचे असतात. होनिंग करताना सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी उठते. रिंगा या जाळीवर घासून भिंतीशी एकजीव व्हावयाच्या असतात. ज्वलनाचा दाब रिंगांच्या मागे शिरून त्यांना भिंतीवर रेटतो. म्हणून गाडी अगदीच गोंजारून चालविली तर रिंगा बसत नाहीत आणि भिंत नुसतीच गुळगुळीत होते. उलट बेफाम पळविली तर ताजे भाग तापून ओरखडे पडतात. मध्यम मार्ग असा की, वेग सतत बदलता ठेवावा. तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन वेग वाढवावा, मग पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्यावी. यासाठी हुबळी-धारवाड रस्ता सोयीचा आहे; यल्लापुरापुढील अरबैल घाट आरंभी टाळावा. पहिले तेल लवकर बदलावे, कारण घासलेल्या धातूची पूड त्यात उतरलेली असते.

हा काळ म्हणजे इंजिनाची चाचणी परीक्षाच होय. धूर निळा असेल तर तेल जळते आहे, काळा असेल तर इंधन अधिक आहे, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत झिरपते आहे. सर्व सिलिंडरांचा दाब मापकाने तपासून तो सारखा आहे की नाही पाहावे. तेलाचा दाब तर विशेष जपावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तो केवळ तेलाच्या पातळ थराच्या आधारावर. इंजिन आणि टर्बो एकाच दिवशी नवे बसविले आणि काही बिघडले, तर दोष कोणाचा हे शोधणे कठीण जाते आणि हजारो रुपयांचे काम पुन्हा उघडावे लागते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही गत नको.

आपल्याकडील एक उदाहरण पाहा. १९९८ साली पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिकाचे १४०५ घनसेंटिमीटरचे डीझेल इंजिन आरंभी टर्बोविनाच होते. पुढील दशकात त्याच मापाच्या इंजिनाला टर्बो जोडण्यात आला. डीझेलचे शास्त्र थोडे निराळे असले, तरी मूळ आधी आणि भर नंतर, हा क्रम येथेही दिसतो.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. तेव्हा इंजिन उघडण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. ब्रेक व टायर वाढीव शक्ती पेलतील की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

टर्बो दुबळ्या इंजिनाला सबळ करीत नाही. इंजिनात जे आहे तेच तो मोठे करून दाखवितो, गुण असतील तर गुण आणि दोष असतील तर दोष. विद्येचेही काहीसे असेच आहे. पाया आधी तपासून घ्यावा. मग वरचे मजले कितीही चढवा.