तिघांचा डाव : पाच-तीन-दोन

सुट्टीत घरी तिघेच असले, तर पाच-तीन-दोनसारखा डाव नाही. पाने 30 : चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत, शिवाय इस्पिक आणि बदामाची सत्ती. प्रत्येकाला 10. पहिली 5 पाने पाहून एकाने हुकूम बोलायचा आणि 5 हात करायचे. उरलेल्या दोघांनी 3 आणि 2. ही जबाबदारी डावागणिक फिरते. आजोबा असोत की आठ वर्षांची नात, पाचाची पाळी सगळ्यांवर येते.

खरा कस लागतो तो उधारीत. ज्याचे हात कमी पडले, त्याच्या पानांतून पुढच्या डावात, आधी जास्त हात केलेला न पाहता पान ओढतो आणि आपले नको असलेले त्याला देतो. कधी नेमका एक्काच जातो. डोळ्यांत पाणी येते, तरी पान द्यावेच लागते. अशा वेळी मोठ्यांनी ‘जाऊ दे, लहान आहे’ म्हणू नये. देणे चुकते करण्याची सवय मुलांना इथे हसतखेळत लागते आणि आपल्याला बरोबरीने वागवले जाते, याचा त्यांना आनंदही होतो.

अगदी लहानांसाठी भिकार-सावकार. सगळा नशिबाचा खेळ, त्यामुळे पाच वर्षांचे मूलही बाबांना हरवते. मग एक गुलाम बाजूला काढून 51 पानांचा गुलामचोर. बदाम सातमध्ये कोणते पान आधी सोडायचे आणि कोणते अडवून धरायचे, हे मुले आपणहून शोधतात. नियम घरोघरी थोडे वेगळे असतात. पाने पिसण्याआधी ते ठरवून घ्यावेत.