घरच्या घरी क्रीम सोडा : पाक वेगळा, वायू वेगळा

ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत होय. चैत्र-वैशाखात कारखान्यातून घामाघूम होऊन घरी परतणाऱ्या कामगारास, तसेच शहापूर-मुरबाडच्या शेतात राबणाऱ्या शेतकऱ्यास, थंड व गोड पेयाची सारखीच इच्छा होते. असे पेय घरी स्वच्छ व स्वस्त करता येते. मात्र एका गोष्टीविषयी अज्ञान असल्यास इजाही होऊ शकते. म्हणून ही माहिती देत आहोत.

क्रीम सोडा या नावात ‘क्रीम’ असले, तरी सर्वसाधारणपणे त्यात साय अथवा दूध नसते. साखरेचा पाक, व्हॅनिलाचा सुवास व कर्बवायूयुक्त पाणी एवढेच त्याचे घटक. पाण्यात कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, मुरविण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ साली केला. पुढे १८७२ साली हायरम कॉड यांनी गोटीच्या बाटलीचे एकस्व मिळविले. तिच्यात आतील वायूच्या दाबानेच गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते. ती बाटली जाड काचेची का असते, हे यावरून ध्यानात येईल.

साहित्य : साखर १ किलो, पाणी अर्धा लिटर, लिंबूसत्त्व ५ ग्रॅम, व्हॅनिला अर्क २ लहान चमचे.

कृती : पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी. लिंबूसत्त्व घालून पाच मिनिटे मंद आचेवर उकळावे व मळी काढून टाकावी. पाक स्वच्छ फडक्यातून गाळून पूर्ण थंड होऊ द्यावा. त्यानंतरच अर्क मिसळावा. गरम पाकात घातल्यास सुवास उडून जातो. पाण्यात उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत पाक भरावा. या प्रमाणात सुमारे १.१ लिटर पाक होतो. पेल्यात ३० मि.ली. पाक घेऊन त्यावर २०० मि.ली. थंडगार सोडा हळूहळू ओतावा. एका पेल्यात सुमारे २७ ग्रॅम साखर जाते. मधुमेह असलेल्यांनी हे पेय टाळावे.

सोडा थंडच का असावा? शून्य अंश सेल्सिअसला पाण्यात जितका वायू विरघळतो, त्याच्या सुमारे निम्माच २० अंशांना विरघळतो. कोमट सोड्यातून वायू त्वरित निघून जातो व पेय निःसत्त्व लागते.

तयार सोडा न मिळाल्यास पेलाभर थंड पाण्यात पाक व १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा घालावा व फेस आहे तोवर प्यावे. चव किंचित खारट लागते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ही रीत वापरू नये. हे मिश्रण बाटलीत भरून बूच लावणे धोक्याचे आहे.

मुख्य दक्षता : काही जण गोड पाण्यात यीस्ट घालून बाटली बंद करून ठेवतात. यीस्ट साखर खाऊन कर्बवायू सोडते. लिटरभर पाण्यातील केवळ ४ ग्रॅम साखरेपासून सुमारे एक लिटर वायू होतो. गोड पेयात लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर साखर असते. ती सारी आंबल्यास सुमारे २५ लिटर वायू निर्माण होईल. बाजारातील सोड्यात तो साधारण तीन ते चार लिटर असतो. इतका दाब सरबताच्या अथवा सॉसच्या जुन्या बाटलीस सोसणार नाही. ती फुटून काचा उडतील व जवळ खेळणाऱ्या मुलाचा डोळाही जाऊ शकेल. यास्तव घरी केवळ पाक करून ठेवावा आणि वायूची गाठ पेल्यातच घालून द्यावी.

दाट पाकात यीस्ट व बुरशी सहसा वाढत नाहीत. परंतु ओला चमचा बुडविल्यास वरचा थर पातळ होऊन पाक आंबू लागतो. चमचा कोरडा असावा. पाक शीतकपाटात ठेवून महिन्याभरात संपवावा. बुडबुडे वा आंबूस वास आल्यास तो फेकून द्यावा.

व्हॅनिलाऐवजी घरच्या आल्याचा वा लिंबाचा रसही चालतो. कच्च्या आल्यावर यीस्ट असते; म्हणून त्याचा रस पाकाबरोबर उकळावा. कोकणातील बांधवांनी कोकमाचा रस वापरल्यास लिंबूसत्त्वाची गरज उरत नाही.

पाक विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांच्या सभेत ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी, आणि बंद बाटलीच्या धोक्याची जाणीव प्रथम करून द्यावी.