दारापर्यंत जाणारी शुश्रूषा : सामुदायिक परिचर्येची महाराष्ट्रातील वाटचाल

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभरात तपासलेले रुग्ण, पार पडलेल्या शस्त्रक्रिया, झालेली बाळंतपणे आणि मिळालेल्या देणग्या यांचे आकडे असतात. ते असावेतच, देणगीदारांना व विश्वस्तांना त्यांवरूनच संस्थेच्या कार्याची कल्पना येते. तथापि आरोग्याचा फार मोठा भाग रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, घराच्या ओसरीवर आणि शेताच्या बांधावर ठरत असतो. गरोदर स्त्रीच्या अंगात रक्त कमी आहे हे सातव्या महिन्यात कळले तर उपाय होतो. प्रसूतीच्या वेळी कळले तर अनेकदा उशीर झालेला असतो. हा वेळेतील फरक जी व्यक्ती घडवून आणते, ती म्हणजे गावात फिरणारी परिचारिका. तिच्या कार्याची परंपरा, तिचे शिक्षण आणि तिच्यापुढील अडचणी वाचकांपुढे मांडाव्यात, या हेतूने हा लेख आहे.

सामुदायिक परिचर्या म्हणजे काय?

रुग्णालयातील परिचारिकेकडे रुग्ण येतो. सामुदायिक परिचारिका रुग्ण होण्याआधीच माणसाकडे जाते. तिच्या पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वजनकाटा, तापमापक, हिमोग्लोबिन तपासण्याचे साहित्य, लोहाच्या गोळ्या आणि नोंदवही असते. यांपैकी सर्वांत मोलाची वस्तू नोंदवही होय. कोणत्या घरात कितव्या महिन्याची गरोदर स्त्री आहे, कोणत्या बालकाची लस राहिली आहे, कोणत्या वृद्धाने क्षयाची औषधे मध्येच सोडली आहेत, हे तिला ठाऊक असते. तिचा रुग्ण म्हणजे एक व्यक्ती नसून पूर्ण गाव असते.

शासकीय व्यवस्थेत सपाट प्रदेशातील सुमारे ५,००० लोकसंख्येसाठी आणि डोंगरी अथवा आदिवासी भागातील सुमारे ३,००० लोकसंख्येसाठी एक उपकेंद्र असावे, असे प्रमाण आहे. तेथील आरोग्यसेविकेला आपण ‘नर्सबाई’ अथवा ‘सिस्टर’ म्हणून ओळखतो. साधारण सहा उपकेंद्रांच्या कामावर एक आरोग्य सहायिका देखरेख करते. पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या बाजाराच्या गावाभोवती जी लहान गावे व वस्त्या विखुरलेल्या असतात, तेथे आरोग्यव्यवस्थेचा पहिला चेहरा हाच असतो.

प्रश्न प्रथम प्रतिष्ठेचा होता

आज परिचर्या हा सन्मानाचा व्यवसाय मानला जातो. शंभर वर्षांपूर्वी स्थिती अशी नव्हती. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, जातिभेद न पाहता मलमूत्र साफ करणे, रात्रीची पाळी करणे, ही कामे कुलीन घरातील स्त्रीने करावीत ही कल्पनाच समाजाला सहन होत नव्हती. ही भिंत पाडण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर (१९०१) रमाबाईंनी आपले उर्वरित आयुष्य स्त्रियांच्या सेवेस वाहिले. पुण्याच्या ससून रुग्णालयातील रुग्णांना त्या नियमाने भेटावयास जात. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, तेव्हा शिवण, अध्यापन यांच्याबरोबर परिचर्येचे शिक्षणही त्यांनी आपल्या योजनेत घेतले. या शिक्षणासाठी ज्या स्त्रिया पुढे आल्या, त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. परंतु शिकणाऱ्या स्त्रीला पाठ्यपुस्तकाच्या आधी राहण्याची सुरक्षित जागा आणि पाठीशी उभे राहणारे वडीलधारे माणूस लागते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून सेवासदनाने वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहाला दिले. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले, तोवर शिक्षित परिचारिका ही महाराष्ट्रात ओळखीची व्यक्ती झाली होती.

याच सुमाराच्या आधी सातासमुद्रांपलीकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानातील खेड्यांचा विचार करीत होत्या. त्या या देशात कधी आल्या नाहीत. तरी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या मंडळींशी त्यांचा संपर्क होता. स्वच्छतेचे ज्ञान घरोघर स्त्रियांनीच स्त्रियांपर्यंत न्यावे, ही कल्पना त्यांनी १८९६ साली ग्रामीण हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या लेखात मांडली. सामुदायिक परिचर्येचे बीज त्यात स्पष्ट दिसते.

मराठवाड्यापर्यंत हे वारे पोहोचण्यास मात्र बराच काळ लागला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. मुंबई-पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थांचा थेट लाभ परभणीकडील मुलींना त्या काळात मिळणे कठीणच होते.

आकडे आणि आराखडे

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात त्या वेळच्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका असल्याची नोंद आहे; म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची जी कल्पना मांडली, तीत सार्वजनिक आरोग्य परिचारिकेला आवर्जून स्थान दिले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. यामुळे परिचारिका ही डॉक्टरांच्या आज्ञा पाळणारी मदतनीस न राहता स्वतंत्र विद्याशाखेची अभ्यासक व अध्यापक होऊ शकली. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील परिचर्या महाविद्यालयांचे पदवी शिक्षण पुढे त्याच्या कक्षेत आले.

जामखेडचा धडा

आराखडा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर किती असते, हे जामखेडने दाखवून दिले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत नेमल्या. योजना कागदावर निर्दोष होती. पण तरुण, एकटी, परगावची मुलगी खेड्यात राहणार कोठे? तिच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार? आणि चार मुलांच्या आईने त्या मुलीचा बाळंतपणाविषयीचा सल्ला का मानावा? हे प्रश्न औषधांच्या पेटीतून सुटणारे नव्हते.

तेव्हा प्रकल्पाने दिशा बदलली. गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, असे ठरले. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, शिकत आणि परतून गावाला शिकवीत. परिचारिकेचे स्थान यामुळे कमी झाले नाही, उलट उंचावले. फिरत्या पथकातून ती गावात येई, ग्रामसेविकेने ओळखलेली जोखमीची गरोदर स्त्री तपासी, नोंदी पाही, चुकले ते समजावून देई. ती शिक्षिका झाली, मार्गदर्शक झाली.

याचे फळ आकड्यांत दिसले. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. पाच-सहा वर्षांतच हे प्रमाण ५० च्या आसपास आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत जामखेडच्या ग्राम आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी सभागृहातील झुंबरे आणि हातातील लहान दिवा यांची तुलना केली होती. झुंबर सुंदर असते, पण महाग आणि दूर असते. पणती साधी असते, परंतु एका पणतीवरून दुसरी लावता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सामुदायिक परिचर्येचे सारे तत्त्व त्यात आले आहे.

गडचिरोलीचा पुरावा

जामखेडने दाखविलेली वाट शास्त्रीय कसोटीला उतरते काय, याचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. ३९ गावांत ही सेवा देऊन त्यांची तुलना ४७ गावांशी करण्यात आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने (२००५) गावोगाव आशा स्वयंसेविका नेमल्या आणि २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटी त्यांच्या कामाचा भाग झाल्या.

रुग्णांच्या कुटुंबीयांनी हे वेळापत्रक लक्षात ठेवावे. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी गृहभेट अपेक्षित असते. घरी बाळंतपण झाले असल्यास पहिल्या दिवशीही. या भेटींत बाळाचे वजन व तापमान पाहिले जाते. बाळ नीट अंगावर पीत नाही, अंग थंड लागते, श्वास जलद चालतो, छाती आत ओढली जाते, नाळेतून पू येतो किंवा बाळ मलूल पडते, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास भेटीच्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आरोग्यसेविका ते अध्यापिका

गावातील मुलीला या क्षेत्रात कोठवर जाता येते, असे पालक विचारतात. बारावीनंतर दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसाविका (ए.एन.एम.) अभ्यासक्रम, तीन वर्षांची पदविका (जी.एन.एम.) अथवा चार वर्षांची पदवी, असे मार्ग आहेत. पदविकाधारक परिचारिकेला पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात ‘सामुदायिक आरोग्य परिचर्या’ ही स्वतंत्र शाखा आहे. ती पूर्ण करणारी परिचारिका महाविद्यालयात अध्यापन करू शकते, पुढे विद्यावाचस्पती होऊ शकते. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाल्याने पदवीधर परिचारिकेला गावातच अधिक जबाबदारीचे स्थान मिळू लागले आहे.

परंतु या शिडीत एक विसंगती दडलेली आहे. परिचारिका जसजशी वर चढते, तसतशी ती गावापासून दूर जाते. उत्तम अनुभव असलेली स्त्री शहरातील महाविद्यालयात फळ्यासमोर उभी राहते आणि गावाच्या वाट्याला पुन्हा नवशिकी मुलगी येते. फळ्यासमोर जे शिकवले जाते त्यालाही याची झळ पोहोचते. गृहभेट ही पुस्तकातून शिकता येणारी गोष्ट नाही. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारे कुटुंब परत येते तेव्हा बालकाची राहिलेली लस आणि आईचे घटलेले वजन कसे शोधून काढावे, सासूला न दुखवता सुनेच्या आहाराविषयी कसे बोलावे, हे उंबरठ्यावरच शिकावे लागते. म्हणून अध्यापिकेने गावाशी नाते तोडू नये आणि गावातील अनुभवी सेविकेला अध्यापनात मान मिळावा, हीच या क्षेत्रातील खरी गरज आहे.

आपण काय करू शकतो?

वरील इतिहासातून देणगीदार व विश्वस्त यांनी तीन गोष्टी घ्याव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट निवासाची. रमाबाईंचे वसतिगृह आणि जामखेडमधील एकट्या परिचारिकेची अडचण एकच गोष्ट सांगतात: सुरक्षित खोली, पाणी, शौचालय आणि रात्री-अपरात्री जाण्यासाठी वाहन यांवाचून कोणतीही परिचारिका गावात टिकत नाही. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, खोलीच्या कडीकोयंड्यावर येत नाही. पण दोहोंचे मोल सारखेच आहे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. परिसरातील गरजू मुलीच्या परिचर्या शिक्षणाचा भार उचलणे, तसेच सेवेत असलेल्या परिचारिकेला पुढील शिक्षणासाठी पगारी रजा देणे, ही दीर्घकाळ फळ देणारी देणगी आहे.

तिसरी गोष्ट मानाची, आणि ती प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. नर्सबाई दारात आल्या तर त्यांना बसावयास द्यावे, विचारलेली माहिती खरी सांगावी, माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे आणि स्थलांतराच्या वेळी ते बरोबर न्यावे. त्यांच्या नोंदवहीतील एक रिकामा रकाना पुढे एखाद्या घराला फार महाग पडू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, नाइटिंगेल यांच्या द्विशताब्दीच्या वर्षी, जगात सुमारे ५९ लाख परिचारिकांची उणीव असल्याचे नमूद केले. ही उणीव एका संस्थेने भरून निघणारी नाही. मात्र आपल्या परिसरातील एका गावात एक शिकलेली, निर्भय आणि सन्मानित परिचारिका टिकून राहावी, एवढे कार्य कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या आवाक्यातील आहे. त्या कार्यास आपले सहकार्य पूर्वीप्रमाणेच लाभावे, ही विनंती.